घरगाडी चिखलदऱ्याला निघते

देवळीत स्वतःची घरगाडी असलेला मी पहिला माणूस. बहुधा शेवटचाही. गेल्या डिसेंबरपर्यंत हे मी छाती फुगवून सांगत होतो. आता कोणी गाडीचं नाव काढलं की मी हवापाण्यावर येतो. पण तुम्ही काही माझे शेजारी नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मी धनंजय, शाळेतला निवृत्त हेडक्लार्क. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या सहली कागदावर बसवल्या. स्वतःच्या बायकोला मात्र शेगावच्या पलीकडे नेलं नाही, आणि शेगावलाही सोबत सात पाहुणे होते.

बायकोला, म्हणजे कोकिळाला, डोंगर पाहायचा होता. सातवीत असताना तिच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली. यादीत हिचं नाव होतं. पण नेमका कापूस फुटला, वेचायला माणसं मिळेनात, आणि बापाने हिला घरी ठेवून घेतलं. परत आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं, की घाटात खिडकीतून हात बाहेर काढला की ढग हाताला लागतो. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलो आहे. एकदा हिंगणीकडे नेऊन बोर धरणामागच्या टेकड्या दाखवल्या, तर म्हणाली, "हा का डोंगर होय? हे तं आपल्या वावराचं धुरं आहे, जरा उंच." धुरं म्हणजे शेताचा बांध.

मग मी ठरवलं, न्यायचं तर थाटात न्यायचं! शाळेने मोडीत काढलेली पिवळी मिनीबस मी घेतली. दुर्गेश वेल्डरने तिच्यातल्या सीटा काढल्या आणि पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मच्छरदाणी, सगळं बसवलं. कोकिळाने फुलाफुलांचे पडदे शिवले. तिची एकच अट होती.

"मले खिडकीजवळची जागा पाहिजे."

"अगं, अख्खी गाडीच तुझी आहे. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरायचे दिवस गेले."

हे मी म्हणालो ते एका अर्थी तिच्या कलेचा अपमान करून म्हणालो. बस थांबायच्या आत खिडकीतून माझा रुमाल नेमक्या सीटवर टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

निघायला तेव्हाच हरकत नव्हती. पण माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी फाइल केली. कुठे थांबायचं, कुठे पाणी भरायचं, कोणत्या वळणावर किती वेळ ढग पाहायचा, सगळं तारीखवार. पावसाळ्यात निघणार होतो, तर फाइल पूर्ण नव्हती. मग पितृपक्ष लागला. मग दिवाळी आली. शेवटी पाच डिसेंबर ठरली.

दरम्यान मी एक चूक केली. गाडीचं छत गळत नाही हे सिद्ध करायला मी अख्ख्या मोहल्ल्यासमोर तिच्यावर पाइपने अर्धा तास पाणी मारलं. आत एक थेंब नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात पुढे उभं राहून टाळ्या वाजवत होता माझा मोठा भाऊ चंद्रभान. शेती तो पाहतो आणि घर आमचं एकच.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं ओळखलंच असेल. आमच्याकडे कापूस निघाला की तो घरात राहतो आणि माणसं उरलेल्या जागेत. भाव वाढेल म्हणून ठेवायचा. आधी माजघर भरलं, मग बैठक. टीव्ही कापसाआड गेला, तेव्हा आम्ही बातम्या नुसत्या ऐकायला लागलो. अंगाला खाज सुटली. आणि नोव्हेंबरच्या शेवटी आभाळ भरून आलं. अंगणात नुकताच आणलेला ढीग होता.

"धनू," चंद्रभान म्हणाला, "दोन दिवसाचा तं प्रश्न आहे. तुह्या गाडीत टाकू का?"

"दादा, आत पलंग आहे, ओटा आहे."

"पण थेंब जात नाई म्हने ना आत? का लोकायले दाखवाले केलतं ते?"

नाही म्हणालो असतो तर गाडी गळते असं झालं असतं. मी कोकिळाकडे पाहिलं. ती गाडीत जाऊन पडदे काढायला लागली.

"राहू दे पडदे, दोनच दिवस," मी तिला म्हणालो.

चार जणांनी आत उतरून कापूस तुडवला. पलंग गेला, ओटा गेला, पडदेही राहिलेच. दार लावायला बाहेरून तिघांनी खांदा दिला. दार लागल्यावर मला आठवलं, की फाइल उशीखाली आहे!

पाऊस आला नाही. आभाळ दुसऱ्या दिवशी काचेसारखं झालं. पण कापूस एकदा आत गेला की तो भाव बोलल्याशिवाय बाहेर येत नाही. "आठ दिवस थांब," चंद्रभान म्हणाला. पाच डिसेंबर आली आणि गेली. त्या दिवशी कोकिळाने सकाळी उठून नवी साडी नेसली, लाडवांचा डबा भरला, अंगणात येऊन गाडीकडे पाहिलं आणि डबा परत फळीवर ठेवला. मी म्हणालो, "फाइलमध्ये तारीख बदलून घेऊ." ती म्हणाली, "फाइल तं आत आहे."

शेवटी मीच हट्टाला पेटलो. गाडी आहे तशी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर न्यायची, कापूस रिकामा करायचा आणि तिथूनच परस्पर चिखलदऱ्याला! जिनिंग पुलगावच्या वाटेवर, आणि चिखलदऱ्याचा रस्ताही तोच. चंद्रभान राजी झाला. आम्ही चौघं पुढे दाटीवाटीने बसलो: मी, चंद्रभान, त्याची बायको छायावहिनी आणि मांडीवर लाडवांचा डबा घेतलेली कोकिळा.

जिनिंगपुढे गाड्यांची रांग अर्धा किलोमीटर. फाटकावरचा माणूस धावतच आला.

"ओ सर, शाळेची गाडी इथं काऊन आणली? पोरं कुठी आहे?"

"पोरं नाहीत. कापूस आहे."

"शाळेत कापूस कोन भरते?"

मी त्याला घरगाडी समजावली. त्याने खिडकीतून आत पाहिलं. काचेला नाक लावल्यासारखा कापूस दाबून बसला होता आणि मधूनच फुलाफुलाचा पडदा डोकावत होता. त्याने फोटो काढला. तासाभरात देवळीच्या साऱ्या ग्रुपवर तो फिरला: शाळेच्या बसमधून कापसाची वाहतूक, चौकशी व्हावी. मुख्याध्यापकांचा फोन आला. पिवळा रंग आधी का बदलला नाही, असं त्यांनी मला फार सभ्य शब्दांत विचारलं.

संध्याकाळपर्यंत रांग दहा गाड्या सरकली. चंद्रभान गाडीपाशी थांबला, आम्ही घरी जाऊन झोपून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अजून वीस गाड्या पुढे होत्या. समोरच बसथांबा होता. कोकिळा बराच वेळ तिकडे पाहत होती.

"आयकता का," ती म्हणाली, "दहाची अमरावतीची बस आहे. तिथून चिखलदऱ्याची भेटते. बायांले अर्धं तिकीट आहे. गाडीपाशी भासरे, तुमचे दादा, आहेतच. चला ना."

"बसने? वर्षभर मी काय झक मारली? ही गाडी सोडून मी बसने गेलो तर देवळी हसेल मला."

"देवळी हसूनच राह्यली."

"तू नि वहिनी व्हा पुढे. मी संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन पोचतो. उतरताना घरगाडीतून या."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या खिशातून रुमाल काढून घेतला. बस आली. रुमाल खिडकीतून आत गेला, नेहमीसारखाच नेमका. दोघी चढल्या. मी हात हलवला. मला वाटलं, रुमाल वहिनीच्या जागेसाठी असेल.

माझा नंबर लागला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. हमालांनी दार उघडताच कापूस धबधब्यासारखा बाहेर आला. त्यासोबत पडदे आले, मच्छरदाणी आली. पलंगावरची गादीही ओढून त्यांनी ढिगावर फेकली. ती उसवली, आणि आतला कापूस कुठला आणि आमचा कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं. फाइलचं पहिलं पान मिळालं. त्यावर लिहिलं होतं: "वेळेचे काटेकोर पालन." बाकीची पानं सरकीबरोबर गेली असावीत. गाडी सुरू झाली नाही.

तेवढ्यात कोकिळाचा फोन आला.

"काल संध्याकाळी घाट चढलो," ती म्हणाली. "हात बाहेर काढला मी. धुकं होतं. ओलं लागलं हाताले. खरंच लागते हो."

"मग?"

"मग काय? रडू आलं मले. वहिनी म्हने, डोळ्यात गेलं का काही."

मी ढिगाजवळ कापसाने पांढरा होऊन उभा होतो. मला तिथेच, त्या हमालांसमोर, फार वाईट वाटलं. पस्तीस वर्षं ऐकलेल्या गोष्टीचा शेवट झाला आणि मी तिथे नव्हतो.

ती परत आली तेव्हा तिने पिशवीतून चिखलदऱ्याची कॉफी काढली, आणि घडी घातलेला माझा रुमाल.

"वहिनीसाठी टाकला होतास ना?"

"वहिनी बाजूले बसली होती. खिडकी तुमची होती. वाटलं, बस हलल्यावर तरी धावत याल. अमरावतीपर्यंत कोनाले बसू दिलं नाई मी. कंडक्टर भांडला."

आठ दिवसांनी बसस्थानकावर जाऊन वेळापत्रक लिहून आणलं आणि तिला म्हणालो, "कोकिळा, बसनेच जाऊ. उद्याच."

ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी तं पाह्यला ना आता डोंगर," ती म्हणाली. "तुमी जाऊन या. मी थांब्यावर येतो, रुमाल टाकून देतो."