याकोबतात्यांना एक पाप हवं होतं

याकोबतात्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यातली पहिली बिडी ओढली, आणि तीही निव्वळ पाप करायचं म्हणून. माझ्या दुकानामागे उभं राहून त्यांनी दोन झुरके मारले. तिसऱ्याला असा ठसका लागला की शेजारचे किराणावाले रहीमचाचा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "क्या तात्या, इस उमर में?" म्हणत त्यांनी पाठ चोळली. डोळे पुसत तात्यांनी मला विचारलं, "राजेभाऊ, हे धरायचं का पाप मनून?"

"तात्या, हा अपघात झाला," मी म्हटलं. तात्या फार हिरमुसले.

सेनगावात माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. कुणाचा सप्ताह असो, कुणाचा जलसा असो, की तात्यांच्या चर्चची सभा, ॲम्प्लिफायर माझाच. माइक हातात आला की माणूस कळतो, हा माझा अनुभव. पण तात्या माइकच्या वाटेला कधी गेलेच नाहीत. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. म्हैस उठून उभी राहिल्याशिवाय तिच्या मालकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. कित्येकदा म्हैस दुपारी उठे आणि तात्या तोवर उपाशी. बायको, मार्थाकाकू, वारल्यापासून माझ्या समोरच्या घरात एकटेच राहतात.

आता या माणसाला पाप कशाला हवं? तर साक्ष द्यायला. त्यांच्या चर्चमध्ये तशी रीत आहे. माणूस पुढे येतो, आपण कसे वाया गेलो होतो आणि देवानं कसं वळणावर आणलं ते सगळ्यांसमोर सांगतो. मग पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि सारी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. यात दाविद गवंड्याचा हात धरणारा कुणी नाही. तो पूर्वी पिऊन विहिरीत पडला होता. त्या साक्षीसाठी त्याला पार वसमतपर्यंत बोलावणी येतात. मी ती साक्ष सात-आठ वेळा ऐकली आहे आणि दर वेळी विहीर आणखी दोन हात खोल झालेली असते.

"आपल्यापाशी काय हाय सांगाया?" तात्या कुरकुरायचे. "वेळेवर पाप केलं न्हाई, आता म्हातारपणी तकलीफ. माझ्या डोक्यावर हात ठेवावा असं कुणाला वाटतच न्हाई. मनतात, तात्याला काय गरज?"

मी हसायचो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच दिसायचं.

बिडी फसल्यावर त्यांनी भांडण करून पाहिलं. त्यासाठी माझीच निवड झाली. सकाळी सकाळी कमरेवर हात देऊन माझ्या दारात उभे. "राजेभाऊ, तू... तू लई..." पुढचा शब्द काही सुचेना. शेवटी म्हणाले, "तू लई वाळून राहिला. जेवतो का न्हाई बराबर?" आणि घरी जाऊन वाटीभर लोणचं घेऊन आले. मग एका रविवारी उपासना बुडवायचं ठरलं. बुडवली, पण बसले कुठे, तर चर्चच्याच मागच्या भिंतीला टेकून. आतल्यापेक्षा बाहेरून तात्यांचंच गाणं मोठ्यानं ऐकू यायला लागलं, तेव्हा पाळकसाहेबांनी खिडकी उघडून त्यांना आत बोलावलं.

हे पाळकसाहेब नवे आणि तरणेबांड. त्यांचं म्हणणं, माणूस म्हणजे बाज. एक पाय लांब आणि बाकीचे आखूड असले की बाज लंगडते. म्हणून त्यांनी प्रत्येकाला दर हप्त्याला एक कागद भरायला लावला. त्यात चार रकाने: शरीर, देव, बुद्धी, माणसं. तात्या तो कागद शनिवारी माझ्या टेबलावर बसून भरायचे. शरीर: जिंतूर रोडनं पुलापर्यंत रोज चाललो. बुद्धी: पेपर वाचला, टेंडरच्या जाहिरातींसकट. माणसं: नऊ घरी जाऊन आलो, सोनटक्क्याच्या म्हशीचा पाय बरा हाय. आणि देवाच्या रकान्यात दर हप्त्याला एकच शब्द, हजर.

"तात्या, ही काय शाळेची हजेरी हाय?" मी एकदा डिवचलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जेवढं खरं तेवढंच लिहावं, राजेभाऊ," म्हणाले आणि उठून गेले.

सोयाबीन निघाल्यावर चर्चच्या मैदानात तीन दिवसांची उज्जीवन सभा भरली. मरगळलेला विश्वास पुन्हा ताजा व्हावा म्हणून त्यांच्यात अशी सभा घेतात. शेवटच्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांच्या हातातल्या साक्षीच्या यादीत मला तात्यांचं नाव दिसलं. हा भला माणूस बिडीचं सांगणार आणि हसं करून घेणार. रहीमचाचा तर दुकान बंद करून मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

तात्या इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. माइकनं शिट्टी मारली, ती मी दाबली.

"सलाम," तात्या त्यांच्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले. "मी बिडी ओढली." मंडप खो खो हसला. तात्या थांबले. हसू विरल्यावर म्हणाले, "पर ते काही खरं पाप न्हाई. मी बारकी बारकी पापं धुंडून राहिलो होतो. मोठं सांगायची छाती होत न्हवती मनून."

तात्यांनी माइकची दांडी धरली.

"मार्था गेली त्याला अकरा वर्षं झाली. ती आजारी पडली तवा चाळीस दिवस मी देवापाशी तिच्यासाठी मागणं केलं. जल्मभर लोकायच्या म्हशी उठवल्या, माझं माणूस उठलं न्हाई. त्या दिवसापासून मी देवाशी बोललो न्हाई. दर रविवारी आलो. समद्यायपेक्षा मोठ्यानं गायलो. पर मागण्याला डोळे मिटले की आतून गप. अकरा वर्षं मी इथं नुसता हजर हाय."

मी हळूच गावाकडचे भोंगे बंद केले. हे मंडपापुरतंच राहायला हवं होतं.

पाळकसाहेब पुढे आले. तात्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग दाविद गवंडी उठला, मागोमाग बाया-माणसं उठली आणि तात्यांचं टक्कल हातांखाली दिसेनासं झालं. रहीमचाचांनी बसल्या जागी दुवेला हात पसरले. मला यातलं काहीच येत नाही. मी आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभा राहिलो आणि खरं सांगायचं तर रडलो.

माइक चालू आहे हे तात्या विसरले होते. त्यामुळे अकरा वर्षांनंतर ते देवाशी काय बोलले, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"देवा," ते म्हणाले, "मार्था बरी हाय का?"

शनिवारी तात्या नेहमीसारखे टेबलावर येऊन बसले. पण या वेळी लिहिणं संपेचना. मी दोनदा चहा सांगितला. शेवटी डोकावून पाहिलं, तर देवाचा रकाना काठोकाठ भरून मजकूर शेजारच्या शरीराच्या रकान्यात घुसला होता. वरची पहिली ओळ होती, 'आधी भांडलो.'

"तात्या, अन् शरीराचं काय? ह्या हप्त्यात पुलापर्यंत गेलाच न्हाईत?"

"येळ कुठं भेटला?" मान वर न करता तात्या म्हणाले. "अकरा वर्षांचं बोलायचं साचलंय, राजेभाऊ. चालणं पुढच्या हप्त्यात बघू."