डावा दांडा

बाबांनी लोडर शेडमधून काढला आणि जाताना स्वयंपाकघराच्या पायरीचा कोपरा सोबत घेऊन गेले. मुलगा दात घासत होता. तो चूळ भरून आला, त्याने पायरीकडे पाहिलं, मग बाबांच्या हातांकडे.

"उद्या काचेच्या दुकानाला लागून राडारोडा उचलायचाय," तो म्हणाला. "उद्या मी बसतो."

"मशीन डावीकडे ओढतं," बाबा म्हणाले.

"ते काय आजचंय? इतकी वर्षं तुम्ही ओढू देत नव्हता."

हे खरं होतं. लोडरला गोल स्टिअरिंग नव्हतं, दोन दांडे होते. डावा दांडा डावी चाकं चालवायचा, उजवा उजवी. डावा कधीचाच सैल पडला होता. तो अंमळ जास्त रेटला की लोडर सरळ जायचा, आणि यालाच घरात सरळ म्हणायची पद्धत होती. अंगणाचं फाटकसुद्धा शेडच्या समोर न बसवता डावीकडे सरकवून बसवलं होतं. निघताना लोडर तिकडेच जाणार, तर सकाळी सकाळी त्याच्याशी भांडा कशाला.

बाबांनी चहा घेतला नाही. बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं आणि पायाखालचा पत्रा उघडला. सून कडेवर बाळ घेऊन एकेक पाना हातात देत राहिली; मागे तिच्या सासूबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. दांड्याच्या बुडाशी बोल्टचं भोक झिजून झिजून लांबट झालं होतं.

"बघ, करंगळी जाते यात," बाबा म्हणाले. खटल्यात अखेर साक्षीदार सापडावा, तसा त्यांचा आवाज झाला होता.

त्यांनी भोकात नळीच्या तुकड्यासारखा नवा बुश ठोकला, नवा बोल्ट घातला, नट आवळला. दांडा खडखडायचा थांबला. मग ते बसले, दांडे नेहमीसारखे रेटले, आणि लोडर उजवीकडे वळून सासूबाईंची कपड्यांची दोरी तोडून थांबला. बकेटच्या दाताला बाळाचं झबलं लोंबत होतं.

"अहो, वाळलं नव्हतं ते," सासूबाई म्हणाल्या.

"बाबा, दोष दांड्याचा नव्हता," मुलगा हळूच म्हणाला.

बाबांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. मग ते खाली उतरले आणि त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. बाळ बोट चोखत पाहत राहिलं.

मुलगा बसला. लोडर उजवीकडे वळला आणि पाण्याचं पिंप आडवं झालं. दांडे धरायला त्यालाही बाबांनीच शिकवलं होतं.

"तुमचेही हात थकले वाटतं," सून म्हणाली. तिने बाळ सासूबाईंकडे दिलं. "मी बसू?"

"तुला येतं कुठे?" मुलगा म्हणाला.

"येत नाही म्हणूनच म्हणतेय."

लोडर भिंतीच्या कडेने सुतासारखा सरळ गेला. बाबा बाजूने चालत होते.

"कसे धरलेस गं दांडे?"

"बाळ झोपल्यावर त्याच्या डोक्याखालून हात काढतो ना, बाबा, तसे. जोर लावला की उठतं."

दुपारभर बाबांनी बाळ उठू न देण्याचा सराव केला. सासूबाईंनी कपडे घरात वाळत घातले. ऊन उतरेपर्यंत लोडर भिंतीच्या कडेने जाऊन येऊ लागला, कुठे ओरखडा नाही.

सकाळी मुलाने स्वतःहून किल्ली बाबांपुढे धरली. बाबांनी पट्टा बांधला, श्वास रोखला, समोरच्या एका विटेवर नजर लावली. लोडर शेडमधून रेघ मारल्यासारखा सरळ निघाला आणि कुंपणाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. फाटक तिकडे डावीकडे उघडं होतं.

सगळे फाटकाकडे पाहत राहिले. या वेळी बाबांच्या हातांकडे कुणी पाहिलं नाही.

"फाटक वाकडं आहे," बाबा म्हणाले.

"हो, बाबा," मुलगा म्हणाला, आणि पहार आणायला गेला.