कोतवालाने न पुकारलेले बारा दिवस

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्याभोवती सगळे धावत होते. का धावत होते ते आधी ऐका, मग हसा.

त्या जंगलात एक बिबट्या होता. चैत्रात त्याने लवंगी नावाच्या हरिणीवर झडप घातली. लवंगी सुटली, पण शेपटीचे चार केस त्याच्या पंजात राहिले. तिने हाय खाल्ली. पुढच्या वेळी नुसत्या केसांवर भागणार नाही, हे तिला कळून चुकलं.

ती सायाळकाकूंकडे गेली. सायाळकाकू म्हणजे पायांच्या जाणकार. स्वतः त्या कधी धावल्या नव्हत्या, पण जाणकारांना ते लागत नाही.

"एक दिवस जीव तोडून धाव," काकू म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी सावलीत पड. धावताना पाय झिजतात, पडल्या पडल्या भरून येतात."

"एवढंच?"

"एवढंच. पण तुला जमायचं नाही."

लवंगीला राग आला. पडून राहण्यात न जमण्यासारखं काय आहे?

आहे, मुलांनो. त्या जंगलात एक पद्धत होती. रोज सकाळी कोतवाल पक्षी अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून आदल्या दिवशीच्या फेऱ्या पुकारायचा. "ससेभाऊ, सात! चितळमामा, नऊ! लवंगीताई, अकरा!" मग सगळे "वा वा" करायचे. त्यातल्या निम्म्यांनी आकडा ऐकलेलाही नसायचा.

अकरा फेऱ्या झाल्यावर लवंगी शहाण्यासारखी दिवसभर सावलीत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव आलं नाही.

लगेच चितळमामी धावत आल्या. "बरं नाही का गं?"

"बरी आहे की. विश्रांती घेतली."

"घ्यावी हो, घ्यावी. वय झालं की घ्यावीच."

लवंगी तीन वर्षांची होती.

पुढच्या विश्रांतीच्या दिवशी ती एकच फेरी मारायला निघाली, नुसते पाय मोकळे करायला. तेवढ्यात ससेभाऊ मागून आले आणि "या सावकाश" म्हणून पुढे गेले. मग काय! पाय मोकळे होईपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या आणि तोंडाला फेस आला. त्यानंतर विश्रांतीच्या दिवशीही तिने धावणं बुडवलं नाही, म्हणजे रोज धावली. उजवा पाय ठणकू लागला, तरी धावली. ज्येष्ठात ती लंगडू लागली.

आणि बिबट्या? तो उंबराच्या फांदीवर चार-चार दिवस लोळायचा. पाचव्या दिवशी उठायचा, एक झेप घ्यायचा, खायचा आणि पुन्हा लोळायचा. काकूंचा सल्ला तंतोतंत पाळणारा जंगलात तो एकटाच होता, आणि त्याने तो विचारलाही नव्हता.

एका दुपारी लवंगी लंगडत पाण्यावर आली आणि बिबट्या फांदीवरून उतरला. पळायची सोय नव्हती. अशा वेळी जे रोज डोक्यात असतं तेच तोंडात येतं.

"बिबटेराव, तुमचं नाव कोतवाल कधी पुकारत नाही, नाही का?"

"म्हणजे?"

"काही नाही. जंगलात आपलं बोलतात, की वय झालं."

बिबट्या थांबला. "कोण बोलतं? आता तुला धरतो, मग पुकारेल."

"लंगडीला धरलेलं पुकारत नाहीत हो. फेऱ्या लागतात."

बिबट्याने तळ्याकडे पाहिलं. "इथेच थांब," तो म्हणाला. "आलोच."

दुसऱ्या दिवशी कोतवालाने पुकारलं, "बिबटेराव, चौदा!" सगळं जंगल "वा वा" म्हणालं, नेहमीपेक्षा बरंच मोठ्याने. बिबट्याला ते फार गोड लागलं. मग सोळा झाल्या, मग वीस. उंबराची फांदी ओस पडली. शिकार हातची निसटू लागली, तो बेडकांवर भागवू लागला, पण फेऱ्या काही चुकल्या नाहीत.

लवंगी मात्र करवंदीच्या जाळीत पडून होती. पाय टेकवत नव्हता, म्हणून पडून होती, हे खरं. बारा सकाळी कोतवालाने तिचं नाव घेतलं नाही आणि बारा सकाळी ती रडली. पायासाठी नव्हे हं, नावासाठी.

तेराव्या दिवशी बिबट्याला बेडकांचा वीट आला आणि लंगडी हरिणी आठवली. तो जाळीपाशी आला. लवंगी उठली आणि बघते तर पाय हलका! ती सुटली. बिबट्याने झेप घेतली, त्याचा गुडघा कट्‌कन वाजला आणि "आई गं!" असं बिबट्या ओरडलेला त्या जंगलाने प्रथमच ऐकला. लवंगी ओढ्यापार झाली होती.

आवाज ऐकून सायाळकाकू आल्या.

"काकू, गुडघा," बिबट्या कण्हला. "काय करू?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. ओढ्यापलीकडे धापा टाकणाऱ्या लवंगीकडे पाहिलं.

"काही झालेलं नाही, बिबटेराव," त्या मायेने म्हणाल्या. "पडून तेवढं राहू नका. धावता धावताच सुटेल."

लवंगीने हे सगळं ऐकलं. मुलांनो, तुम्हाला वाटेल, आता ती शहाणी झाली. ती तडक अर्जुनाखाली गेली आणि मान वर करून म्हणाली, "कोतवालदादा, जाळीपासून ओढ्यापर्यंत धावले. ते किती फेऱ्यांत धराल?"

तात्पर्य : विश्रांती न घेता रोज जीव तोडून सराव करणं फार उपयोगी असतं. फक्त तो बिबट्याला करायला लावावा, आणि रोज सकाळी "वा वा" म्हणायला विसरू नये.