खुंटीवरची माळ

खुंटीवर माळ होती, पण ती आसारामची नव्हती.

शिंदीखान्याच्या दाराबाहेर उभं राहून त्यानं डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. त्याची माळ चांगली बेंबीपर्यंत लोंबायची. नारायणगडावर महाराजांच्या हातून घातलेली, आणि मधोमध बायकोनं ओवलेलं लाल पोवळं. समोरची माळ आखूड, तिच्यात चांदीचा मणी. बाकीच्या खुंट्या रिकाम्या. आसारामच्या डोक्यात नुकती कुठं चढू लागलेली शिंदी झर्रकन उतरली.

शिंदीचा हा सरकारी गुत्ता गावाच्या वेशीजवळ नुकताच उघडला होता. हैदराबादेत सरकारदरबारी कुणीतरी ठरवलं आणि तेलगावच्या वाटेवर छप्पर उभं राहिलं. माळ न घालणारे, मोकळ्या गळ्याचे लोक म्हणाले, बरं झालं, परगावची पायपीट वाचली. बायकांनी बोटं मोडली. आणि माळकरी म्हणाले, गाव बुडालं. त्यात आसारामचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण एकादशीच्या भजनाला वीणा त्याच्या गळ्यात असायची.

पण बुडालेलं गाव किती खोल गेलं, ते पाहायला माळकरीही एकेक करून येऊ लागले. गळ्यात तुळशीची माळ घेऊन आत जायचं कसं? कुणी ती मुंडाशात खोचायचा, कुणी कनवटीला लावायचा. गुत्तेदार धोंडीराम समजूतदार माणूस. त्यानं दाराबाहेर बाभळीच्या खुंट्याच ठोकल्या. "पांडुरंगाला हितं हवेशीर बसवा," म्हणाला, "आन् मंग आत या." आतही त्यानं बांबूचे तट्टे लावून आडोसे केले, म्हणजे एका माळकऱ्याला दुसरा दिसू नये.

आसाराम आज निव्वळ पाहणीला आला होता. गुत्ता ठेवायचा की हलवायचा, हे ठरवायला संध्याकाळी मारुतीच्या देवळात गाव बसणार होतं, आणि उद्या आबकारीच्या दरोग्याला तसं सांगायचं होतं. विरोधात बोलायचं काम आसारामकडं. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याची चव तरी ठाऊक हवी, म्हणून त्यानं दोन गाडगी रिचवली होती.

"माजी माळ कुणी नेली बे?" त्यानं धोंडीरामला दबक्या आवाजात विचारलं.

"बुवा, हितं कोन आलं, कोन गेलं, ते आपुन ध्यानातच ठिवत न्हाई. ठिवलं तर दुकान चालंल का?"

"आरं, पर ही दुसऱ्याची हाय."

"मंग तुमची त्याच्याकडं आसंल. लई शोध करू नका. शोधायचं म्हनलं तर कुठं हरवली ते सांगावं लागतंय."

हे मात्र खरं होतं. आणि आजचा दिवसच वाईट होता. आष्टीकडचे सुंदरराव आज आपल्या मुलासाठी आसारामच्या शिवकन्येचं घर पाहायला येणार होते. पोरीची दोन स्थळं आधीच मोडली होती. सुंदररावांचं म्हणणं एकच, घराणं निर्मळ माळकऱ्याचं हवं, बाकी काही नको. अशा माणसापुढं मोकळ्या गळ्यानं जायचं कसं? आसारामनं देवाची क्षमा मागितली आणि ती परकी माळ डोक्यातून ओढून ओढून गळ्यात उतरवली. ती अशी घट्ट बसली की थुंकी गिळणं मुश्कील झालं.

घरी तुळजाबाईनं त्याच्याकडं एकवार पाहिलं. "अवो, माळ आखडली का काय?"

"धुतली. दोरा आखडला."

"आन् पोवळं पांढरं पडलं का?"

आसाराम पाय धुवायला वळला. तुळजाबाईनं पुढं विचारलं नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, "पाव्हणे मघाशीच आल्यात. समदे देवळाकडं गेल्यात. तुमालाबी तिकडंच बलिवलंय."

देवळाच्या वाटेवर आसाराम जो भेटेल त्याचा गळा न्याहाळत चालला. पण एवढ्या उकाड्यातही सगळ्यांनी गळ्याभोवती उपरणी लपेटली होती. भजनातल्या रामकिसननं तर त्याला पाहून वाट बदलली.

देवळात अर्जुनराव पाटील मध्यभागी बसले होते. त्यांच्या शेजारी मानाच्या घोंगडीवर सुंदरराव, खांद्यावरचं उपरणं छातीशी गच्च धरून. आसाराम आत येताच पाटील म्हणाले, "बोला बुवा. गुत्त्याबद्दल गावाचं म्हननं काय हाय?"

आसाराम उभा राहिला. "मंडळी," तो म्हणाला, पण आवाज पिपाणीसारखा निघाला. त्यानं माळेत बोट घालून जरा श्वास घेतला. "ही शिंदी म्हंजी घराला लागलेली वाळवी हाय. जो तिथं जातो, त्यानं..."

सुंदररावांनी भक्तिभावानं मान डोलावली, हात जोडले, आणि उपरणं घसरलं. त्यांच्या बेंबीवर लाल पोवळं लोंबत होतं.

आसारामनं आपलं पोवळं ओळखलं. त्याच वेळी सुंदररावांची नजर त्याच्या गळ्यातल्या चांदीच्या मण्यावर खिळली आणि त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. एकानं तोंड उघडलं तर दोघंही उघडे पडणार होते. आसारामला शिवकन्येचं तोंड आठवलं. हेही स्थळ आपल्याच पायानं गेलं, असं वाटून त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"कावून थांबले बुवा?" पाटील म्हणाले. "जो तिथं जातो, त्यानं काय?"

उत्तर सुंदररावांनी दिलं. "पाटील, मी परगावचा, पर बोलू का? गुत्त्याचं दार कुनीकडं हाय?"

"रस्त्याकडं."

"मंग तिथंच चुकलंय. येनाऱ्याजानाऱ्या सज्जनाच्या नदरंस पडतंय. सरकारचं दुकान, हलवा म्हनून काय हलनार न्हाई. दार तेवढं मागं वढ्याकडं फिरवा."

आधी उपरणी सावरली गेली. मग सगळे माळकरी एकदमच बोलू लागले, की पाहुणा शहाणा, असा तोडगा गावाला सुचला नसता. आसारामही म्हणाला, "माजं म्हननं तेच व्हतं."

"आन् पाटील," सुंदरराव घाईघाईनं म्हणाले, "घरानं पाह्यलं. मानसाची पारख झाली. पोरगी पसंत हाय."

लगेच सुपारी फुटली. व्याह्यांनी गळाभेट घेतली. त्या मिठीत सुंदररावांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढून आसारामच्या गळ्यात घातली, आणि आसारामनं आपल्या गळ्यातली कान खरचटेपर्यंत उपसून त्यांच्या गळ्यात. माळेनं माळ बदलून सोयरीक जोडलेली गावानं कधी पाहिली नव्हती. गुरवाच्या डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून रामकिसन उठला. "आमीबी भाऊभाऊच की," असं म्हणून त्यानं शेजारी बसलेल्या सुग्रीवला मिठी मारली, आणि दोघांच्या माळा बदलल्या. मग आणखी दोघं उठले. बघता बघता अर्धं देऊळ एकमेकांच्या गळ्यात पडलं. शेवटी अर्जुनराव पाटलांनी घसा खाकरला, आणि उठून गुरवालाच कवटाळलं.

आसाराम तरंगतच घरी आला. लग्न ठरल्याचं त्यानं सांगितलं, तुळजाबाईनं देवापुढं साखर ठेवली. मग तो ऐटीत म्हणाला, "गुत्त्याचंबी मिटवलं. दार वढ्याकडं फिरवायचं ठरलं, एकमतानं."

"लई बेस केलं," तुळजाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदाच हसू आलं. "रस्त्याकडं दार व्हतं तवा आमाला काय दिसत नव्हतं."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? गावातल्या समद्या बाया सकाळधरनं धुनं घेऊन वढ्यावरच आसतेत की."