फाटकातली टिटवी

"साहेब, फाटकात अंडी आहेत," रखवालदार फोनवर म्हणाला.

"कुणी फेकली?"

"फेकली नाहीत, घातली. टिटवीनं."

नगरपालिकेच्या उद्यान विभागाच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. गावाबाहेरचा माळ बिल्डरांच्या घशातून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता तो पाखरांसाठी राखीव झाला होता, लोकांना फिरायला पायवाट झाली होती, आणि महिनाअखेरीस साहेबांच्या निवृत्तीआधी नगराध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन होतं. बायकोचे गुडघे झपाट्याने खराब होत चालले होते. "माझे पाय आहेत तोवर एकदा तुमचा माळ दाखवा," एवढंच तिचं मागणं होतं.

पण घरट्याजवळ माणूस फिरकणार नाही, हा नियम साहेबांनीच भांडून ठरावात घालून घेतला होता. फाटक बंद झालं.

"बाजूनं दुसरं फाटक काढा," साहेब म्हणाले. "आणि नगराध्यक्षांचे बूट चिखलात जायला नकोत, ताजी खडी टाका."

टिटवी अंडी घालते ती उघड्या खडीतच. पाखरांवर गावभर भाषणं देणाऱ्या माणसाला हे आठवायला हवं होतं. चार दिवसांत दुसऱ्या फाटकातही एक टिटवी बसली. तिसरं फाटक काढताना रखवालदार चाचरत म्हणाला, "साहेब, या खेपेला खडी राहू द्या की." पण खडीची गाडी आधीच निघाली होती. तिसरी टिटवी जणू तिचीच वाट बघत होती.

नगराध्यक्ष भडकले. "उचला हो ती अंडी! पाखरासाठी माणसं ताटकळत ठेवायची?"

"आज अंडी उचलली तर उद्या माळ उचलतील," साहेब म्हणाले. ते हटले नाहीत.

टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. इथे तिने नगराध्यक्षांचा दौरा आटवला. उद्घाटन बारगळलं. साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माळाचा उल्लेखसुद्धा कुणी केला नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला रिक्षात घालून माळावर गेले. रखवालदार खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आत नाही सोडता येणार. आता तुम्हीपण पब्लिकच."

तेवढ्यात टिटवी किंचाळत साहेबांच्या डोक्यावरून झेपावली. ते चटकन खाली वाकले.

"बघ," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "जिच्यासाठी एवढं केलं, तीच हाकलून देतेय. तुला साधी पायवाटसुद्धा दाखवता आली नाही गं मला."

बायको तारेच्या जाळीतून बराच वेळ आत बघत राहिली. वाऱ्यावर गवत हलत होतं, माणूस कुठेच नव्हता.

"माळ वाचवायचा होता ना तुम्हाला? मग वाचला की! अगदी तुमच्यापासूनसुद्धा." मग गुडघ्यावर हात टेकत ती कुंपणाबाहेरच्या दगडावर बसली आणि जरा सरकली. "बसा आता. पिल्लं निघेपर्यंत तुम्हाला तरी कुठे ऑफिसला जायचंय?"