एक नारळ उरला

मंडळी, एका कामाला चार डोकी लावून ते चुटकीसरशी कसं उरकायचं, हे मला विचारा! माझी नोकरीच ती आहे. एका इवल्याशा चिपमध्ये आठ-आठ मेंदू असतात. त्यांच्यात कामाची वाटणी करायची आणि कुणाला कुणाच्या पायात येऊ द्यायचं नाही, हे मी रोज करतो. यंत्राच्या आठ मेंदूंना नांदवणाऱ्याला उलव्यातली तीन माणसं म्हणजे किस झाड की पत्ती!

तीन माणसं म्हणजे मी सौरभ, मिथुन आणि आबोली. दर रविवारी आम्ही आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमतो आणि आपापल्या कामातल्या टिपा एकमेकांना सांगतो. मिथुन एंटरप्राइझवाला. मोठ्या कंपनीत मुरलेला, तिघांची मंजुरी आल्याशिवाय शिंकत नाही. आबोली ओपन सोर्सवाली. तिचं सगळं सगळ्यांना खुलं, कुणीही यावं आणि सुधारून जावं. मी मल्टिकोरवाला. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे, भांडायचं आणि चहा प्यायचा. माझी बायको शर्मिला आम्हाला ‘चौकोनी भजनी मंडळ’ म्हणते.

हॉल आमचे घरमालक धनेशशेठ घरत यांचा. एका रविवारी शेठ स्वतःच दारात उभे राहिले.

“काय रं सौरभ, माज्या पोरीची, निशीची हलद हाय येत्या शनवारी. मना मांडवातून हालता येत नाय. तुमी एवरी शिकलेली पोरां, बोलावन्याचा काम कराल काय?”

“शेठ, झालंच समजा!” मी म्हणालो.

“बाकीच्यांना मोबाइलवर धाडा. पन तीन घरां मानाची. खारघरची आत्या, जुईनगरची मावशी आन गव्हानचा कान्हामामा. तिथं नारल, पानसुपारी आन अक्षता घेऊनच जावा लागतो. त्यातून कान्हा म्हंजे लय मानी! बोलावन्याबिगर तो उंबरा वलांडनार नाय. आन मामा नाय आला तं निशी पाटावर बसनार नाय, सांगून ठेवलाय तिनं. तसा काय जाला तं तुमचा हा फला भायेर आन तुमी पन भायेर!”

शेठ गेले आणि मी फळा पुसून नवे चौकोन काढायला घेतले. तीन घरं, तीन स्कूटर, तीन माणसं! मी मामांकडे, मिथुन आत्यांकडे, आबोली मावशींकडे. आमच्या धंद्यात एक पक्का नियम असतो, एक वस्तू, एक मालक. म्हणजे गोंधळ होत नाही. त्याप्रमाणे तिन्ही नारळ मिथुनकडे, तिन्ही पानसुपाऱ्या आबोलीकडे आणि सगळ्या अक्षता माझ्याकडे! काम झालं की ज्याला दिसेल त्याने ग्रुपवर बरोबरची खूण टाकायची.

शर्मिला चहा घेऊन आली होती. तिने फळ्याकडे पाहिलं. “अरे, पण प्रत्येकाने एक नारळ, एक पानसुपारी आणि चिमूटभर अक्षता नेल्या तर?”

“तुला नाही कळायचं. हे मल्टिकोर आहे!”

“बरं,” म्हणाली आणि कप ठेवून गेली. तिचं हे ‘बरं’ मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बुधवारी सुट्टी टाकून आम्ही तिघं तीन दिशांना निघालो. मी गव्हाणला मामांच्या अंगणाबाहेर उभा राहिलो, हातात अक्षतांची वाटी. मिथुनला फोन लावला.

“नारळ घेऊन ये!”

“मी आत्यांच्या दारात आहे. पानसुपारी आली की इथलं उरकून येतो. तोवर नारळ सोडायची मला मंजुरी नाही!”

आबोलीला फोन लावला. “पानसुपारी आण.”

“मी मावशींच्या दारात उभी आहे. तू अक्षता आण, मग निघते!”

अक्षता माझ्याकडे! आणि मामांचं झाल्याशिवाय मी कसा हलणार? उन्हात अर्धा तास गेला. मिथुन आबोलीसाठी थांबलाय, आबोली माझ्यासाठी, मी मिथुनसाठी. जागचं कुणीच हलेना.

एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “अरे, हा तर डेडलॉक आहे!” मी फोनवर ओरडलो. ज्याच्या भीतीने आम्ही कामात झोप उडवून घेतो, ती ही अडवाअडवी! पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली, पण अशी भर उन्हात, हाडामांसाची कुणी पाहिली होती? आबोली तर आनंदाने किंचाळलीच. दोघंही आपापली दारं सोडून स्कूटर दामटत गव्हाणला आले.

मग काय विचारता! मामांच्या अंगणातल्या धुळीत आम्ही काडीने तीन चौकोन काढले. मिथुनने नारळ चौकोनांत मांडून दाखवले. आबोलीने वरून, खालून फोटो काढले. एखाद्याने हातातली वस्तू सोडली असती तर, दोघांनी सोडली असती तर, अशी घनघोर चर्चा झाली. ओट्यावर पांढऱ्या बनियनमधले एक मिशाळ गृहस्थ आमच्याकडे टक लावून बघत होते. मी त्यांना हात केला. त्यांनी केला नाही.

नारळ, पानसुपारी, अक्षता तिन्ही मामांच्या दारात एकत्र आलेली पाहून आबोलीने ग्रुपवर खूण टाकली, ‘मामा ✔’. माझा मोबाइल वाजला. मी खूण पाहिली आणि म्हटलं, वा, आबोली आत जाऊन आली वाटतं! तिला वाटलं, मीच जाऊन आलो. मिथुनला काहीच वाटलं नाही, खूण आली म्हणजे मंजुरी आली! तिघं मिळून खारघरला गेलो, जुईनगरला गेलो, व्यवस्थित निमंत्रणं दिली. शेवटी उरलेली पानसुपारी आबोलीने तोंडात टाकली आणि मिथुनच्या पिशवीत एक नारळ उरला.

“हा कसला?” मी विचारलं.

“बॅकअप!” मिथुन अभिमानाने म्हणाला. “एंटरप्राइझमध्ये एक जास्तीचा असतोच.”

मी तो माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकला.

शनिवारी संध्याकाळी मांडव नुसता फुलून गेला. जरा जास्तच फुलला, कारण आबोलीने निमंत्रणाचा मजकूर सुधारणेसाठी सगळ्यांना खुला ठेवला होता आणि कुण्या भल्या माणसाने त्यात ‘तिखटाचं जेवन हाय’, म्हणजे मटण आहे, अशी सुधारणा केली होती. पण मामांचा पत्ता नव्हता! निशिगंधा पाटाशेजारी उभी. डोळ्यांत पाणी, पण बसायला तयार नाही.

“सौरभ, मामाला नक्की सांगितलंस ना तू?” तिने विचारलं.

“म्हणजे काय! आबोलीने...”

“मी? मला वाटलं तू!”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला तो उरलेला नारळ आठवला. लग्न तिचं आणि खेळ आमचा झाला होता, याची खरंच लाज वाटली. तसाच स्कूटरवर टांग मारून गव्हाणला गेलो.

ओट्यावर तेच मिशाळ गृहस्थ! पण आज कडक पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, पायांत नव्या चपला. मामा दुपारपासून तयार होऊन बसले होते.

“मामा, चला! नारळ आणलाय!” मी डिकी उघडली. रिकामी! शर्मिलाला फोन लावला.

“तो होय? अरे, सोलकढी नाही का केली काल? तू तीन वाट्या प्यायलास!”

मामा ओट्यावरून उतरले. “बुधवारी नारल घेऊन माज्या दारात आयलात, मातीत रेघोट्या वढल्यात आन नारल घेऊन परत गेलात! आज तं हात हालवत आयलास! भावजींनी सोता यावं, तं मी येन.”

मी शेठना फोन लावला. ते म्हणाले, “त्यानं निसता निंगावं, मी वेशीवर घ्याया येतो!”

हे म्हणतात आधी त्यांनी, ते म्हणतात आधी यांनी. पुन्हा डेडलॉक! पण यावर शास्त्रात उपाय आहे. अडकलेल्यांपैकी एकाचा बळी द्यायचा, बाकीचे आपोआप सुटतात. मी आजूबाजूला पाहिलं. बळी द्यायला मीच तेवढा होतो. मी फोनचा स्पीकर लावला आणि म्हणालो, “चूक माझी. निमंत्रण द्यायला आलो आणि न देताच गेलो. नारळही मीच प्यायलो.”

“नारल प्यायला?” शेठ गरजले. “कान्हा, आयकलास? ही शिकलेली पोरां!”

“भावजी, तुमी तरी कनाला असल्याच्या हाती काम दिलात!”

“चुकलाच माजा. याला साधा नारल देता येत नाय!”

“मातीत चौकोन काढीत व्हता, येडा!”

पाच मिनिटं दोघांनी मिळून माझा उद्धार केला. करता करता दोघं हसायला लागले आणि हसता हसता मामा माझ्या स्कूटरवर मागे बसलेसुद्धा. वेशीवर शेठ उभे होते. मामा मांडवात आले, निशी रडत-हसत पाटावर बसली, आणि मामांनी उरलेली सगळी हळद मला फासली.

हॉल वाचला. पुढच्या रविवारी मी ‘डेडलॉक: एक अनुभव’ यावर बोललो. पहिल्या खुर्चीत मामा. त्यांनी एकच शंका विचारली, “आन बली कोनाचा दिला?” सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शेवटी मिथुनने रीतसर मंजुरी घेऊन माझा नारळ देऊन सत्कार केला.

तो घेऊन मी ऐटीत घरी आलो. शर्मिलाने तो कानाशी धरून हलवून पाहिला.

“हा कुणाला द्यायचा राहिलाय,” ती म्हणाली, “की करू सोलकढी?”