साहेब आधी नंबर प्लेट बघतात

गाडीची नंबर प्लेट कशी साफ करावी, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी बी.एस्सी. आहे, त्यातही केमिस्ट्री, आणि घरात पाच वर्षांची मुलगी आहे. भिंतीवरचे मेणखडू, गादीवरचा आमरस, युनिफॉर्मवरची शाई, सगळं मी काढलेलं आहे. कोणता डाग कशाने जातो, ते मी झोपेतही सांगेन.

म्हणूनच ड्रायव्हिंग टेस्टची तारीख आली तेव्हा मी अजिबात घाबरले नाही. खरं तर मी सगळ्यालाच घाबरते. खुशी शिंकली तरी मी डॉक्टरांचा नंबर काढून ठेवते. पण हे लायसन्स मला पाहिजेच होतं. खुशी ज्या व्हॅनने शाळेत जाते, तिच्यात आठ मुलांची जागा आहे आणि बसतात चौदा. मी रोज मोजते. मार्चमध्ये तर वळणावर व्हॅनचं दार उघडलं. नशिबाने दाराला टेकून कोणी मूल नव्हतं, खुशीचा डबा होता. डबा रस्त्यावर, पोहे नालीत! त्याच दिवशी मी ठरवलं, सोळा जूनला शाळा उघडेल तेव्हा खुशीला मी स्वतः गाडीने सोडणार. टेस्ट अकरा तारखेची. ती हुकली की पुढची तारीख थेट जुलैत.

शेजारच्या पिंकीने आदल्या आठवड्यातच सावध केलं होतं. "भाभी, साहेब गाडी चालवताना नंतर बघते, आधी नंबर प्लेट बघते. मले त्या प्लेटपायीच वापस धाडलं."

आणि आमच्या प्लेटवर होतं शेंदराचं स्वस्तिक! गाडी नवी आली तेव्हा आम्ही ती रामपायलीच्या मंदिरात नेली होती. तिथे माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मैनाबाईंनी, तेलात कालवलेला शेंदूर घेऊन बरोबर आकड्यांवर स्वस्तिक काढलं. घरातल्या सगळ्या शुभ वस्तूंवर त्या अशीच मोहोर उमटवतात. फ्रिजही सुटलेला नाही.

मी पुसायचं नाव काढलं, तर त्या म्हणाल्या, "देवाचं हाय ते. जाईन तवा जाईन. तू हात लावू नोको."

टेस्टच्या दिवशी सकाळी सासूबाई चक्कीवर दळण घेऊन गेल्या आणि मी कामाला लागले. आधी साबण. मग चिंच, जिने तांब्याची भांडी उजळतात. शेंदूर हसत होता. शेवटी मी केमिस्ट्रीला हाक मारली आणि नेलपॉलिश काढायची बाटली आणली. एकच हात फिरवला. शेंदूर गायब! मी दुसरा हात फिरवला. आकडे गायब!

म्हणजे आकडे होते, उठावाचे होते, पण त्यांचा काळा रंग कापसावर आला होता. 'एमपी ५०' शाबूत होतं आणि पुढचे चार आकडे प्लेटसारखेच गोरेपान झाले होते. आंधळ्याने हात फिरवला असता तर त्याला नंबर वाचता आला असता. साहेब आंधळे असतील, असं मात्र पिंकी म्हणाली नव्हती.

दहा वाजले होते, टेस्ट बाराला. घरातला काळा मार्कर खुशीने टोपण न लावता वाळवून ठेवलेला. पण पाच वर्षांच्या मुलीच्या घरात काळ्या रंगाची कमी नसते. सासूबाईंनी घरी धरलेलं काजळ डबीभर होतं. मी काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक आकडा असा भरला की कंपनीने बघावा. हे काजळ सासूबाई तुपात खलतात. तूप किती तापमानाला वितळतं, हे मला माहीत आहे. परीक्षेत विचारलं असतं तर लगेच लिहिलं असतं. त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

काजळ पुसलं जाऊ नये म्हणून वरून संरक्षण हवं. खुशीच्या वह्यांना घालून उरलेलं पारदर्शक कव्हर समोरच होतं. वहीला घालतात तसंच प्लेटला घातलं, कोपरे दुमडले, मागून सेलोटेप. एक सुरकुती नाही. राईस मिलमधून सुट्टी घेऊन आलेले आमचे हे, म्हणजे वीरेंद्र, लांबूनच म्हणाले, "चमकून राह्यली ना गाडी." मी काजळाची डबी मुठीत लपवली. ज्याला हिशेब लागत नाही त्याला सूत्र सांगू नये, असं माझं मत आहे.

मी शिकाऊ असल्यामुळे हे शेजारी बसले. मागे खुशी आणि सासूबाई, कारण सुनेची परीक्षा त्यांना बघायचीच होती. मी गाडी सुरेख चालवली. वर जूनचं ऊन, पुढे तापलेलं इंजिन, आणि मी गुणगुणत होते.

परिवहन कार्यालयाच्या मैदानात साहेब कागद घेऊन गाडीसमोर आले. कागद पाहिला, प्लेट पाहिली. पुन्हा कागद पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

"मॅडम, आपकी गाडी रो रही है."

मी उतरून पाहिलं. कव्हरच्या आत चारही आकड्यांतून काळे ओघळ लागले होते. आठाचे दोन्ही डोळे भरून आले होते. खाली प्लास्टिकच्या दुमडीत काळं तळं साचलं होतं.

साहेबांचा आवाज बदलला. नंबर मिटवलेली गाडी म्हणजे चोरीची, एवढं त्यांचं गणित सरळ होतं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, चेसिसचा नंबर कागदाशी ताडला, एका होमगार्डने माझा फोटो काढला. लोक जमले. यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या सात वर्षांत इतकं निरखून त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या खिडकीतून खुशी मोठ्या अभिमानाने म्हणाली, "अंकल, मम्मी ने गाडी को काजल लगाया."

साहेबांनी कागद खाली केला.

"काजल? गाडी को?"

आता सासूबाई उतरणार आणि स्वस्तिकाचं विचारणार, ही मला धास्ती. त्या उतरल्याही. प्लेटजवळ गेल्या, वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं. मग साहेबांकडे वळल्या. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"नजर नोको लागाले म्हनून लावलं असन तिनं, साहेब. मले वाटे, शिकलेली सून हाय, हे काही मानत नाही. पाहा, मानते ते."

मी मान खाली घातली. काही वेळा गैरसमज मोडणं हे पाप असतं.

साहेबांनी मिशीवर हात ठेवून हसू लपवलं. "माताजी, नजर से तो बच गई. चालान से नहीं बचेगी." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले की नवी प्लेट लागेपर्यंत ही गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि टेस्ट द्यायची असेल तर दुसऱ्या गाडीवर द्या, एक वाजेपर्यंत थांबतो.

दुसरी गाडी कुठून आणणार? तेव्हा गर्दीतून परसवाड्याचे एक शेतकरी, शालिकरामजी, पुढे झाले. मुलीच्या टेस्टला आले होते. त्यांची उंच दांडगी गाडी चिखलाने आणि भाताच्या कोंड्याने माखलेली. त्यांनी चावी माझ्या हातात दिली, गमछ्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं, प्लेटवरून एकदा फिरवलं. नंबर लख्ख!

"पान्यानं जाते, बाई," ते इतकंच म्हणाले.

त्या गाडीला मी इतकी घाबरले की चढताना, वळताना, मागे घेताना मुंगीच्या चालीने चालवली. साहेब म्हणाले, आज सकाळपासून इतकी सावध गाडी कोणीच चालवली नाही. पास!

लायसन्स आठवड्याभरात हातात आलं. फोटोत मी छान दिसते. नव्या प्लेटला मात्र महिना लागेल म्हणतात, तोवर गाडी शेडमध्ये झाकून उभी. सासूबाई आल्या-गेल्याला सांगतात, आमच्या मंजुषाने गाडीची नजर काढली म्हणून.

खुशी व्हॅननेच जाते. मी गल्लीच्या तोंडाशी पर्समध्ये लायसन्स घेऊन उभी राहते आणि चौदा मुलं मोजते. काल व्हॅनच्या नंबर प्लेटवर थोडी धूळ दिसली, म्हणून मी सहज पर्समधून रुमाल काढला. ड्रायव्हर महागूभाऊ गाडी चालू ठेवूनच खाली उतरले आणि प्लेटच्या पुढ्यात हात जोडून उभे राहिले.